नव्या वर्षाचे अलंकार : मोडण्यापूर्वी एकदा गाठवून पाहा

चैत्र शुद्ध प्रतिपदेचा सूर्य उगवण्यापूर्वीच गावोगावचा सराफकट्टा जागा होतो. पेढ्यांना झेंडूची तोरणे लागतात, नव्या चोपड्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि साडेतीन मुहूर्तांपैकी पहिला मुहूर्त साधण्यासाठी माणसे सकाळपासून दाटी करू लागतात. दाराशी उभारलेल्या गुढीला कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी; घरातल्या चिमुरड्यांच्या गळ्यातही साखरेचीच माळ. वर्षाचा आरंभच आपल्याकडे अलंकाराने होतो, मग तो साखरेचा का असेना!

परंतु गेल्या काही वर्षांत या दाटीत एक निराळे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. ते पैसे घेऊन येत नाही. पर्समधून हळूच एक रुमालाची पुरचुंडी काढते आणि काउंटरवर सोडते. तीत एखादा दोरा पिकलेला बकुळीहार असतो, जोड हरवलेली एकच कुडी असते, पोचे पडलेल्या पाटल्या असतात. “याची मोड घेता का? याच्यातच काही तरी हलके, आताच्या पद्धतीचे करून द्या,” असा प्रश्न येतो. तागडीऐवजी आता विजेचा काटा आहे. त्यावर हार ठेवला जातो, आकडा वाचला जातो, आणि तीन पिढ्यांनी अंगावर मिरवलेला दागिना संध्याकाळच्या आत मुशीत उतरतो.

असे का घडते, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. २००० साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव साडेचार हजार रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. घरात लग्न निघाले, की मध्यमवर्गीय कुटुंबाला नवे सोने घेणे जड जाते आणि नजर साहजिकच कपाटातील जुन्या डब्याकडे वळते. अडचणीत सोने उपयोगी पडावे, म्हणूनच तर ते घेतलेले असते. तेव्हा नड म्हणून मोडणाऱ्याला कोणी बोल लावू नये. प्रश्न आहे तो हौसेने मोडणाऱ्यांचा. नव्या घडणीच्या मोहाने जुनी घडण वितळवताना आपण नेमके काय देतो आणि काय घेतो, याचा हिशेब फार थोड्या घरांत मांडला जातो.

हिशेब मांडून पाहा

समजा, आजीचा हार काट्यावर ५० ग्रॅम भरला. जुने मणी आतून पोकळ आणि त्यांत लाख भरलेली; लाख, दोरा व गोंडा यांचे वजन ४ ग्रॅम निघाले, तर सोने उरले ४६ ग्रॅम. जुन्या कामात डाक पुष्कळ असे आणि डाकेच्या सोन्यात हीण जास्त. म्हणून आटणीनंतर कसाची व तुटीची मिळून शेकडा ५ वजावट झाली, तर हाती आले ४३.७ ग्रॅम. आता नव्या हारावर शेकडा १२ घडणावळ आणि एकूण रकमेवर शेकडा ३ वस्तू व सेवा कर धरला, तर पदरचा एकही पैसा न घालता त्या सोन्यात जो हार मिळेल, तो ३८ ग्रॅमांहूनही किंचित कमीच भरेल. पन्नासाचे अडतीस! हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत; पेढीपेढीनुसार ते थोडे खालीवर होतील. पण उताराची दिशा बदलणार नाही, कारण सराफ अगदी सचोटीचा असला तरी आटणी, घडणावळ आणि कर या तीन पायऱ्या कोणालाच चुकत नाहीत.

याच हिशेबात आणखी एक खाचखळगा आहे. जुन्या याद्यांतून, विशेषतः लग्नातल्या देण्याघेण्याच्या टिपणांतून, वजने तोळ्यांत लिहिलेली असतात. तो तोळा बारा माशांचा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा. त्याचे आजचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम. हल्ली बाजारात तोळा म्हणतात तो मात्र सोईसाठी १० ग्रॅमांचा. आजीच्या यादीत “गोट साडेचार तोळे” असे लिहिले असेल, तर ते ४५ ग्रॅम नव्हेत, साडेबावन्न ग्रॅमांच्या जवळपास होत. काट्यावरचा आकडा यादीशी ताडून पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे.

शेतशिवारातून आलेला साज

पण सोन्याचे नुकसान हे त्यातले लहान नुकसान. मोठे नुकसान घडणीचे.

आपल्या दागिन्यांची नावे एकदा सावकाश उच्चारून पाहावीत. बोरमाळ, जोंधळी पोत, जवाची माळ, पोहेहार, बकुळीहार, चंपाकळी, शेवंतीचे फूल, केवडा, मासोळ्या. सारे शिवार, परसबाग आणि नदीचा काठ या नावांतून डोळ्यांपुढे उभा राहतो. राजघराण्यांच्या रत्नभांडारांत काय असेल ते असो. महाराष्ट्रातील बाईने आपल्या गळ्यात घातले ते ज्वारीच्या दाण्याचे आणि बोराच्या फळाचे सोनेरी रूप. हा दुष्काळी मुलूख. येथे दाणा हाच दागिना वाटला, यात नवल नाही.

काही नावांमागे मात्र समुद्रापलीकडचा इतिहास दडला आहे. पुतळीहारातील ‘पुतळी’ हे मुळात व्हेनिसच्या ड्यूकॅट नामक नाण्याचे आपल्याकडील नाव. त्या नाण्याच्या एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस लंबगोल प्रभावळीतील ख्रिस्त कोरलेला असे. साडेतीन ग्रॅमांचे ते नाणे जवळजवळ शंभर नंबरी सोन्याचे. व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर आले, त्यावरील उभ्या आकृती पाहून लोकांनी त्यास पुतळी म्हटले, कड्या लावून गळ्यात घातले. पुढे सोनारांनी आपले ठसे केले आणि कित्येक पुतळ्यांवर राम-सीता उमटले. परक्या नाण्याला आपलेसे करण्याची ही हातोटी पाहावी! आज यंत्रावर पाडलेल्या पुतळ्या वजनाला हलक्या आणि दिसायला गुळगुळीत असतात. जुन्या ठशाच्या पुतळीवरील नाक-डोळ्यांची ठेवण त्यांत येत नाही. ज्यांच्या घरी तशी एखादी जुनी पुतळी असेल, त्यांनी भिंग घेऊन ती अवश्य पाहावी.

कोल्हापुरी साज हा तर गळ्यातला ग्रंथच. त्यात परंपरेने एकवीस पाने मानतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि मधले डोरले; पानापानांच्या मध्ये पोकळ, लाख भरलेले मणी. मत्स्य, कूर्म, वराह अशा आकृती नखाएवढ्या पत्र्यावर उठविण्यासाठी कारागिराची नजर आणि ठसा दोन्ही लागतात. हल्ली हलक्या वजनाच्या साजात पाने कमी करतात, दोन-तीन आकृती पुन्हापुन्हा वापरतात. घेणाऱ्याला फरक कळत नाही, कारण त्याने मूळ कधी मोजून पाहिलेले नसते.

यंदाची आवड

आणि गंमत अशी, की नव्या वर्षात मुलींना हवे आहे ते हेच सारे! गेल्या दशकातील लोकप्रिय चित्रपटांनी आणि दूरदर्शन संचांवरील मालिकांनी पेशवाई थाट पुन्हा डोळ्यांपुढे आणला. ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, तन्मणी, बुगडी, वाकी ही नावे विशीतल्या मुलींच्या तोंडी आली. नथीला तर इतका बहर आला आहे, की ती नाकातून उतरून मंगळसूत्राच्या पदकात, साडीच्या पिनेवर आणि कानातल्या डुलांवरही जाऊन बसली आहे. आई जी नथ जुनाट म्हणून डब्यात टाकून बसली, तीच मुलगी मैत्रिणीच्या लग्नासाठी मागते. आणि आई कालच ती मोडून आलेली असते.

नथीविषयी एक विद्वत्तापूर्ण नोंद येथे करण्याजोगी आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील पंडित परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३८ साली नथीच्या प्राचीनतेवर स्वतंत्र लेख लिहिला. नाकातील आभूषण आपल्याकडे अनादि काळापासून आहे, ही समजूत त्यांनी पुराव्याने तपासली. प्राचीन शिल्पांत आणि अजिंठ्याच्या चित्रांत, जिथे केसापासून घोट्यापर्यंत अलंकारांची रेलचेल आहे, तिथे नाक मात्र मोकळेच आढळते. म्हणजे सौभाग्याचे हे लखलखते चिन्ह आपल्या संस्कृतीत तुलनेने उशिरा, मध्ययुगाच्या सुमारास आले. उशिरा येऊनही तिने अशी जागा पटकावली, की आज नथीवाचून मराठी नवरी डोळ्यांसमोर येत नाही. परंपरा ही अशी वाढत असते.

घेणाऱ्याने पाहावे ते असे. नाक टोचलेले नसलेल्यांसाठी दाबाची नथ सोईची खरी, परंतु तिची चाप फार घट्ट असली की नाकपुडीवर व्रण उठतो आणि फार सैल असली की मंगलाष्टकांच्या गर्दीत नथ कोठे पडली ते कळतही नाही. कारवारी नथ आकाराने निराळी आणि मोत्यांच्या बाबतीत आटोपशीर; ब्राह्मणी नथीत मोत्यांचा पसारा मोठा. लहान चेहऱ्याला मोठी नथ शोभत नाही, असे जुन्या बायका सांगत. फॅशन काहीही म्हणो, आरसा अजून त्यांचीच बाजू घेतो.

वजनाच्या बाबतीत मात्र वारे सर्वस्वी नवे आहे. भाव चढल्यामुळे बाजारात कमी कसाच्या आणि कमी वजनाच्या दागिन्यांची चलती आहे. १८ कॅरेट म्हणजे शेकडा ७५ सोने, १४ कॅरेट म्हणजे साडेअठ्ठावन्न. २०२५ पासून तर ९ कॅरेटलाही, म्हणजे शेकडा साडेसदतीस सोन्यालाही, प्रमाणचिन्ह मिळू लागले आहे. ज्यांना १९६३ आठवत असेल, त्यांना हे पाहून हसू येईल. चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरेटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. हजारो सोनारांच्या भट्ट्या विझल्या. पण आमच्या बायकांनी चौदा कॅरेट काही मनाला लावून घेतले नाही. १९६६ मध्ये ती अट मागे घेतली गेली; १९६८ साली झालेला सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. कायद्याला जे साधले नाही, ते आता भावाने साधले आहे!

कमी कसाचे सोने वाईट नव्हे. त्यात तांबे-चांदीचे प्रमाण अधिक असल्याने ते कठीण असते, रोजच्या वापराच्या अंगठीला वा खड्याच्या कामाला ते अधिक टिकाऊ ठरते. फक्त ते ठेव म्हणून घेऊ नये. घडणावळ वजा जाता मोडीत फार थोडे उरते. तीच गोष्ट प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यांची. रासायनिकदृष्ट्या ते हिरेच. पण फिरून विकताना त्यांची किंमत फारशी येत नाही. हौस म्हणून घ्यावेत, पुंजी म्हणून नव्हे. एक ग्रॅमच्या दागिन्यांविषयी तर इतकेच, की तो सोन्याचा मुलामा आहे. घाम पुसून, कोरडा करून ठेवला तर काही काळ चकाकतो.

पटवेकऱ्याचे दार

जुना हार मोडावासा वाटतो, त्याचे कारण पुष्कळदा सोन्यात नसतेच. ते दोऱ्यात असते. मणी काळवंडलेले, गोंडा विटलेला, रेशीम पिकून कुजलेले. असा हार मरगळलेला दिसतो आणि आपण त्याला जुनाट ठरवून मोकळे होतो. वास्तविक त्याला हवे असते ते गाठवून घेणे. लाल वा काळ्या रेशमात मणी पुन्हा ओवून, मणीमणी गाठीने पक्का करून, टोकाला जरीचा गोंडा आणि मागेपुढे सरकणारा फासा देणारा कारागीर तो पटवेकरी. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, चवड्यावर बसून झरझर गाठी मारणारा हा कलावंत एके काळी प्रत्येक सराफकट्ट्याच्या कोपऱ्यावर दिसे. ठुशी गळ्याच्या मापाप्रमाणे सैल-घट्ट होते, ती त्याच्याच करामतीने. आता साखळ्या आणि यंत्रातल्या कड्या आल्यापासून त्याचे काम आटत चालले आहे. मुले दुसऱ्या धंद्यांत शिरली. तरीही पुण्या-कोल्हापुरासारख्या शहरांतील जुन्या पेठांत चौकशी केली तर पटवेकरी अजून सापडतो. त्याची मजुरी नव्या हाराच्या घडणावळीशी तुलनाच होऊ शकणार नाही इतकी थोडी असते.

देवांच्या घरची रीत पाहा. कोल्हापुरात शारदीय नवरात्रापूर्वी श्री अंबाबाईच्या नित्यालंकारांची आणि खजिन्यातील अलंकारांची दरवर्षी स्वच्छता होते. देवीचा साज जुना झाला म्हणून कोणी तो आटवीत नाही. तो उजळला जातो, निखळलेले सावरले जाते आणि घटस्थापनेला आई त्याच तेजाने उभी राहते. घरच्या लक्ष्मीच्या साजाला तो मान का मिळू नये?

गाठवावयास देताना दोन गोष्टी पाळाव्यात. मणी, पाने, मोती समोर बसून मोजून द्यावेत आणि मोजूनच घ्यावेत. शिवाय देण्याआधी दागिन्याचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे पानांचा मूळ क्रम हरवत नाही. साजाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी लॉकरमधून काढलेला हार तसाच गळ्यात घालण्याचे धाडस कोणी करू नये. वीस वर्षे अंधारात पडलेले रेशीम वरून धड दिसते आणि वरातीत तुटते. मग मांडवभर माणसे खाली वाकून मणी शोधीत बसतात.

निगा : मोती, लाख, चांदी

मोती हा सर्वांत नाजूक. तो खनिज नाही, शिंपल्यातील प्राण्याने थरावर थर चढवून केलेला चुन्याचा आणि सेंद्रिय द्रव्याचा गोल आहे. म्हणून आम्ल त्याचा वैरी. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचा स्पर्शही नको. घाम आणि अत्तर हेही हळूहळू त्याची झील खातात. शृंगारात मोती सर्वांत शेवटी चढवावा आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवावा, मऊ सुती कापड किंचित ओले करून पुसावा, वाऱ्यावर कोरडा करावा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे कोंडला तर तो रुक्ष होऊन तडकतो; मलमलीच्या पुरचुंडीत ठेवणे बरे. अधूनमधून अंगावर घालणे त्याहूनही बरे.

जुन्या नथीतील व तन्मणीतील मोती “बसऱ्याचे” म्हणून सांगितले जातात. बसरा ही मोत्यांची जात नव्हे, इराणच्या आखातातील मोती ज्या बाजारातून येत त्याचे ते नाव. जपानच्या मिकिमोटो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढविण्याचा प्रयोग यशस्वी केला आणि पुढच्या काही दशकांत संवर्धित मोत्यांनी जगाचा बाजार व्यापला. मोती दातावर हलकेच घासला असता खरखरीत लागला तर तो शिंपल्यातला, गुळगुळीत लागला तर काचेचा वा प्लॅस्टिकचा. मात्र नैसर्गिक की संवर्धित, हे दात सांगू शकत नाहीत. त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते. आजीची नथ मोडताना सराफ मोत्यांचे मोल धरीत नाही, हे लक्षात ठेवावे. तपासणीशिवाय जुने मोती कोणाच्या ओंजळीत टाकू नयेत.

बोरमाळ, मोहनमाळ, साज यांच्या मण्यांत लाख असते. ती उष्णतेने मऊ पडते. म्हणून हे दागिने गरम पाण्यात कधी घालू नयेत. कोमट पाण्यानेही धुऊ नयेत, कारण पाणी भोकातून आत शिरून दोरा कुजवते. कोरड्या मऊ कापडाने पुसणे हाच त्यांचा उपाय. नुसत्या सोन्याच्या पाटल्या, बांगड्या, गोट मात्र रिठ्याच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून मऊ ब्रशने घासल्या, की नक्षीत बसलेले हळद-कुंकू आणि तेलाचा थर निघून जातो. दंतमंजनाने सोने-चांदी घासण्याची सवय सोडावी. त्यातील कण धातूवर बारीक ओरखडे पाडतात आणि प्रत्येक उजाळ्याबरोबर नक्षी बोथट होते. पाचूच्या नैसर्गिक चिरांत तेल भरलेले असते. साबणाच्या ऊन पाण्याने ते निघून खडा पांढुरका दिसू लागतो. कुंदनकामात खड्याखाली वर्ख असतो, तेथे ओल गेली की खडा कायमचा काळवंडतो.

पारा आणि सोने यांची गाठ पडू देऊ नये. फुटलेल्या तापमापीचा थेंब अंगठीला लागला तर ती पांढरी पडते. चेहरा उजळ करणाऱ्या काही निकृष्ट मलमांतही पारा आढळला आहे. ती लावणाऱ्या हातातली बांगडी पांढुरकी दिसू लागली, तर आधी मलम फेकावे, कारण त्वचेला होणारा अपाय बांगडीच्या अपायाहून पुष्कळ मोठा.

चांदीचे काळे पडणे हा तिचा दोष नव्हे. हवेतील गंधकाशी तिचा संयोग होऊन काळा थर बसतो. अॅल्युमिनियमच्या पातळ कागदावर पैंजण ठेवून, खाण्याचा सोडा घातलेले कढत पाणी ओतले, की गंधक अॅल्युमिनियमकडे जाते आणि चांदी न झिजता पुन्हा शुभ्र होते. हा उपाय देवघरातील ताम्हण-निरांजनालाही चालतो. मात्र मुद्दाम काळे ठेवलेल्या नक्षीच्या, खड्याच्या किंवा मीनाकामाच्या वस्तूला करू नये. रांगोळीने घासणे तर मुळीच नको. ती दगडाची पूड आहे. पायात सोने घालू नये, ते लक्ष्मीचे रूप, हा संकेत आपल्याकडे आजही पाळला जातो. त्यामुळे जोडवी, मासोळ्या आणि पैंजण यांचे राज्य चांदीकडेच राहिले आणि कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारखे आख्खे गाव त्यावर नांदले. जोडव्यांच्या कडा झिजून धारदार होतात, बोटाला कापतात; वर्षातून एकदा सोनाराकडून त्या घासून घ्याव्यात.

दारावर “दागिने उजळून देतो” म्हणत येणाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवावे. अम्लराजात सोने विरघळते, हे शाळेतल्या रसायनशास्त्रात आपण शिकलो आहोत. त्याच्या भांड्यातून बांगडी झळाळत बाहेर येते आणि दोन-चार ग्रॅम सोने द्रवात राहते; ते त्याच्याबरोबर जाते. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या वृद्ध स्त्रियांना हे पुन्हापुन्हा सांगून ठेवणे जरुरीचे आहे.

नवे घेताना

ज्यांना नवा दागिना घ्यावयाचाच आहे, त्यांनी खुणा वाचावयास शिकावे. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. १ एप्रिल २०२३ पासून प्रमाणचिन्हांकित दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा स्वतंत्र क्रमांक असलाच पाहिजे. मानक ब्यूरोचा त्रिकोण, कसाचा आकडा आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा भिंगाखाली पाहाव्यात. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५० आणि १४ ला ५८५ हा आकडा असतो. क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर घातला, की दागिना कोणत्या केंद्रात तपासला गेला ते कळते. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्यांना आणि कुंदन-जडावाच्या कामाला ही सक्ती नाही. बहुतेक नथी, चमक्या, लहान कुड्या यांतच मोडतात. तेव्हा तेथे पावती हाच आधार. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, कस, लाख, मोती व खड्यांचे वजन आणि घडणावळ ही निरनिराळी लिहून घ्यावीत. लाखेचे वजन सोन्याच्या भावाने मोजू देऊ नये. “केडीएमचे आहे का?” असे विचारणारी माणसे अजून भेटतात, कॅडमियमच्या डाकेचा तो काळ गेला, त्याच्या धुराने सोनारांची फुफ्फुसे पोळत असत.

जुन्या, चिन्ह नसलेल्या दागिन्याबाबत घाबरण्याचे कारण नाही. तो बाळगणे वा विकणे यास ग्राहकाला आडकाठी नाही. सक्ती विक्रेत्यावर आहे. कस जाणून घ्यावयाचा असेल तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात अल्प शुल्कात तो तपासून मिळतो. मोड देण्यापूर्वी ही तपासणी स्वतः करून घ्यावी, म्हणजे पेढीवर आकडा ऐकताना आपल्याही हातात एक कागद असतो.

हा दागिना कोणाचा?

मोडीच्या चर्चेत एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. घरात बैठक बसते. सासरे, दीर, मुलगा हिशेब करतात आणि सुनेच्या पाटल्या कोणत्या खर्चात घालावयाच्या ते ठरते. माहेरहून आलेले व लग्नात अंगावर घातलेले दागिने हे स्त्रीधन होय. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिची मालकी निर्बाध केली. आणि १९८५ साली प्रतिभाराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, हे धन पतीच्या घरी ठेवले म्हणून ते त्याचे होत नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा पाटल्या मोडावयाच्या की नाहीत, हा निर्णय जिच्या हातात त्या आहेत, तिचा. तिने नड पाहून त्या आपणहून दिल्या, तर तो तिचा मोठेपणा. तिच्या नावाने परस्पर चिठ्ठी फाडणे हा गुन्हा.

सासूने जिवंतपणीच साज सुनेला किंवा लेकीला द्यावयाचा असेल, तर पाडव्यासारखा दिवस नाही. देताना त्याची गोष्टही द्यावी: तो कोणत्या गावच्या सोनाराने घडविला, कोणत्या लग्नात घेतला, कोणते पान मागाहून बसवले. एका वहीत दागिन्याचे नाव, वजन, छायाचित्र आणि ही दोन ओळींची हकीकत टिपून ठेवावी. बँकेच्या लॉकरात काय ठेवले आहे याची बँकेकडे नोंद नसते. २०२२ पासून आग, चोरी अशा प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच मर्यादित आहे, आणि आजच्या भावात ती रक्कम एखाद्या हाराचीही भरपाई करील असे नाही. निदान काय गेले हे सांगता यावे, एवढ्यासाठी तरी वही हवी.

पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत साधारण महिनाभर हाती असतो. त्यानंतर लग्नसराईचा जोर वाढतो आणि पटवेकऱ्याच्या दारी ताटकळावे लागते. ज्यांना वैशाखातील कार्यासाठी ठुशी, साज वा तन्मणी गाठवून हवा असेल, त्यांनी याच आठवड्यात डबा उघडावा, मोती आणि मणी मोजून टिपून घ्यावेत आणि रेशमाचा रंग ठरवूनच घराबाहेर पडावे. लाल रेशमात सोने उठून दिसते. मोत्यांच्या कामाला मात्र पांढरा दोराच चांगला, रंगीत दोऱ्याचा रंग घामाने मोत्यांच्या भोकांत उतरतो आणि तो पुढे निघत नाही.